बंधारा, बदकं आणि आमचं खाजण

मी आंजर्ल्याची. हे सांगितलं की हॉस्टेलवर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अय्या, ते कासवांचं गाव?" हो, तेच. दापोली तालुका, रत्नागिरी जिल्हा. कड्यावरचा गणपती, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं. कासवांचा आता महोत्सव होतो, पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, पिल्लं समुद्रात सोडताना टाळ्या वाजतात. मला त्याचा अभिमानच आहे. पण आंजर्ल्याला समुद्राशिवाय एक खाडीही आहे. जोग नदी जिथे समुद्राला मिळते ती. त्या खाडीच्या काठाला आमचं खाजण आहे. त्याच्याबद्दल मला कुणीही कधी काही विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षापर्यंत मीही त्याच्याबद्दल कधी विचार केला नव्हता.

विचार करायला लावला तो नाशिक जिल्ह्यातल्या एका जुन्या बंधाऱ्याने.

इरिगेशनच्या विषयासाठी आमच्या क्लासची साइट व्हिजिट होती. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. पावसाळ्यात बातम्यांमध्ये हे नाव हमखास ऐकू येतं, "नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके हजार क्युसेक विसर्ग." १९०७ साली इंग्रजांच्या काळात काम सुरू झालं. वर दारणा धरणात पाणी साठवायचं, ते नदीतून खाली आणायचं, इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडच्या कोरड्या मुलखाला द्यायचं असा हिशोब. तिकडचा ऊस आणि साखर कारखाने या पाण्यावर उभे राहिले. म्हणजे बंधारा बांधणाऱ्यांच्या डोक्यात पक्षी वगैरे अजिबात नव्हते. दुष्काळ होता.

आम्ही वह्या काढून अप्रन, क्रेस्ट लेव्हल असं काहीबाही लिहीत होतो. सर म्हणाले, "आता तुमच्या पुस्तकाच्या भाषेत सांगा, या बंधाऱ्याचं काय झालंय?" कुणीतरी मागून म्हणालं, "सर, सिल्टेशन." बरोबर! शंभर वर्षांत नदीने आणलेला गाळ इथे बसत गेला. आम्ही रिझर्व्हॉयर सेडिमेंटेशनचा चॅप्टर पाठ करतो, त्यात गाळ हा व्हिलन असतो. गाळ आला की साठवण कमी, साठवण कमी की धरणाचं आयुष्य कमी. ट्रॅप एफिशियन्सीचा तो कर्व्ह आठवतो ना? (ज्यांना व्हायवात विचारला त्यांना नक्की आठवेल!) त्या हिशोबाने नांदूर मध्यमेश्वर म्हणजे आजारी जलाशय.

मग सरांनी आम्हाला निरीक्षण मनोऱ्यावर नेलं, आणि तिथून जे दिसलं ते कुठल्याच चॅप्टरमध्ये नव्हतं. गाळामुळे पाणी उथळ झालेलं, मध्ये मध्ये मातीची बेटं, काठाला पाणगवत आणि लव्हाळी. आणि पक्षी! तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या. चमच्या तर गुडघाभर पाण्यात उभा राहून चोच डावीकडून उजवीकडे अशी फिरवत होता की आमच्या मेसचे काका सांबार ढवळताना डोळ्यांसमोर आले. तळं खोल असतं तर त्याला तिथे उभंच राहता आलं नसतं. पाण्यात उभं राहून खाणाऱ्या पक्ष्याला पायाखाली जमीन लागते, आणि ती त्याला बंधाऱ्याच्या गाळाने दिली. पुस्तक ज्याला डेड स्टोरेज म्हणतं, त्यात एवढी जिवंत हालचाल मी तोवर कधी पाहिली नव्हती.

१९८६ मध्ये इथे अभयारण्य झालं. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. आणि जानेवारी २०२० मध्ये बातमी आली की नांदूर मध्यमेश्वरचं नाव रामसर यादीत गेलं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, १४३७ हेक्टरचं. त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी यादीत आली. पण महाराष्ट्राचा पहिला नंबर लागला तो कुणा ओव्हरसीअरने आखलेल्या, गवंड्यांनी चुन्यात बांधलेल्या आणि गाळाने भरलेल्या जागेचा, याची मला फार गंमत वाटते.

रामसर म्हणजे काय हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटलं कुणा शास्त्रज्ञाचं नाव असेल. (हसू नका, आमच्या रूमवर एकीला ते 'रामसर' म्हणजे राम नावाचे सर वाटले होते.) ते इराणमधलं कॅस्पियन समुद्राच्या काठचं गाव आहे. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी १८ देशांच्या प्रतिनिधींनी पाणथळ जागा वाचवण्याचा एक करार मान्य केला. जंगलांसाठी, वाघांसाठी लोक आधीपासून बोलत होते. दलदलीसाठी कोण बोलणार? दलदल म्हणजे डास, चिखल, वाया गेलेली जमीन, ती भरून टाकून तिच्यावर काहीतरी 'बांधणं' म्हणजे प्रगती अशीच जगभर समजूत होती. पण सायबेरियातून निघालेलं बदक वाटेत ज्या ज्या देशात उतरतं, त्या सगळ्यांनी आपापली दलदल राखली तरच ते टिकणार. एका देशाचं हे काम नाही, म्हणून करार. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. आज १७० हून जास्त देश त्यात आहेत आणि २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस म्हणून पाळला जातो.

या कराराच्या पहिल्याच कलमात पाणथळ जागेची व्याख्या आहे. दलदल, पाणवठा, नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा तात्पुरती, पाणी वाहतं असो वा साचलेलं, गोडं, मचूळ वा खारं. समुद्राचाही ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असणारा भाग त्यात येतो. 'नैसर्गिक असो वा कृत्रिम' हे शब्द मी दोनदा वाचले. रामसरच्या वर्गीकरणात पाणथळींचे ४२ प्रकार आहेत आणि त्यातले १० माणसाने केलेले. धरणांचे जलाशय, शेततळी, मिठागरं, कालवे, खाणीचे खड्डे, सांडपाणी शुद्ध करायची तळी आणि भातशेतीसुद्धा! २००८ मध्ये कोरियातल्या चांगवॉनच्या परिषदेत तर भातखाचरं ही पाणथळ परिसंस्था आहे, असा स्वतंत्र ठराव झाला. म्हणजे आजोबा गुडघाभर चिखलात लावणी करायचे ती जागा आंतरराष्ट्रीय भाषेत वेटलँड! हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग पगार कोण देतंय?"

आता माझी तक्रार कुठे आहे ते सांगते.

आपल्या देशात पाणथळ जागांसाठी २०१० मध्ये नियम झाले, त्यात मानवनिर्मित पाणथळींचा समावेश होता. २०१७ मध्ये ते बदलून नवे नियम आले. व्याख्येची सुरुवात रामसरसारखीच आहे, पण पुढे एक 'मात्र' आहे. नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी मुद्दाम केलेली बांधकामं यात धरायची नाहीत. सिंचन! म्हणजे नांदूर मध्यमेश्वरसारखाच दुसरा बंधारा, तसाच गाळ, तसेच पक्षी, पण रामसर यादीत नाव नाही आणि अभयारण्यही नाही, तर या नियमांच्या कागदावर ती पाणथळ जागाच नाही. तिथे भराव टाकला, सांडपाणी सोडलं, तरी पाणथळ नियम गप्प बसणार. नांदूर मध्यमेश्वर वाचलं कारण त्याचा नंबर लागला.

मी नियम करणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायचा प्रयत्न केला. उद्या प्रत्येक शेततळं पाणथळ ठरवलं तर शेतकऱ्याने गाळ काढायचा की नाही? धरणाचं दार उघडायला समितीची परवानगी मागायची? हा प्रश्न खोटा नाही. पण तामिळनाडूकडे बघा. वेदांथंगल, करिकिली, वडुवूर, कुंथनकुलम ही सगळी मुळात शेतीसाठी बांधलेली तळी आहेत आणि सगळी रामसर यादीत आहेत. जून २०२५ पर्यंत देशात ९१ रामसर स्थळं झाली होती, २०१४ पर्यंत ती फक्त २६ होती. त्या ९१ मध्ये तामिळनाडूची २० आणि आपली ३. उजनीवर दरवर्षी रोहित पक्षी बघायला लोक जातात, पण त्या ९१ मध्ये उजनी नाही. जायकवाडी तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेही नाही.

पण नुसतं यादीत नाव गेलं म्हणजे झालं असंही मला वाटत नाही. खुद्द भरतपूरची गोष्ट वाचा. केवलादेवचं ते जंगल आणि तळी माणसानेच केलेली. अजान बांधातून पाणी सोडून ती भरायची. १९८१ मध्ये ते भारताच्या पहिल्या दोन रामसर स्थळांपैकी एक झालं (दुसरं चिल्का), पुढे राष्ट्रीय उद्यान झालं, जागतिक वारसा झालं. १९८२ मध्ये तिथे म्हशींची चराई बंद केली, गावकऱ्यांचा विरोध झाला, गोळीबारात माणसं मेली. आणि नंतर बीएनएचएसच्या अभ्यासात काय दिसलं? म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं गवत माजलं आणि तळ्यातलं मोकळं पाणीच गिळायला लागलं. म्हशी तिथे उपद्रव नव्हत्या, त्या कामाला होत्या! शिवाय वरच्या बाजूला पाणी अडल्यावर तळ्यांना पाणी मिळेना. १९९० पासून भरतपूर रामसरच्या माँट्रो नोंदवहीत आहे, म्हणजे ज्या स्थळांची तब्येत बिघडली आहे त्यांच्या यादीत. कुंपण होतं, पहारेकरी होते, जागतिक दर्जा होता. पाणी सोडणारा हात नव्हता.

मला जे म्हणायचंय ते इथे आहे. नैसर्गिक तळ्याला आपण त्रास दिला नाही की ते बहुधा आपलं आपण जगतं. माणसाने बांधलेल्या पाण्याचं तसं नाही. त्याला रोज कुणीतरी लागतं. नांदूर मध्यमेश्वरमध्ये पाणी किती ठेवायचं हे पाटबंधाऱ्याच्या दरवाजावर ठरतं. पाणी एकदम उतरलं तर बेटं उघडी पडतात, एकदम चढलं तर घरटी बुडतात. जलपर्णी काढायची तर माणसं लावून काढावी लागते. वरच्या शहरांचं सांडपाणी थांबवायचं तर प्लँट चालवावे लागतात. बंधाऱ्याची देखभाल, दरवाज्याचं वेळापत्रक आणि सांडपाण्याचा प्लँट हेच तिथलं निसर्गसंरक्षण आहे, आणि हे सगळं सिव्हिलचं काम आहे. आपण मात्र 'एन्व्हायर्न्मेंट' हा फक्त पास होण्यापुरता विषय समजतो.

आता पुन्हा आंजर्ल्याला येते.

ज्यांनी खाजण पाहिलं नाही त्यांच्यासाठी: खाडीच्या काठाला मातीचा लांब बांध घालायचा, म्हणजे भरतीचं खारं पाणी आत येत नाही. बांधात एक उघाडी ठेवायची. उघाडीला खाडीच्या बाजूने लाकडी झडप असते, वर बिजागरी. ओहोटीला आतल्या पाण्याची पातळी जास्त, तेव्हा झडप आपोआप बाहेर उघडते आणि पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी झडपेला दाबतं, ती बंद होते. ना मोटर, ना वीज, ना ऑपरेटर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आम्ही सेकंड इयरला शिकलो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाशसुद्धा पडला नाही की हा तर घरी आहे!

पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जातं, मग खारं सोसणारा तांबडा भात लावायचा. खाचरात निवट्या, कोळंबी, चिंबोऱ्या. कापणीनंतर चिखलात तुतवार आणि शेकाटे. रामसरच्या व्याख्येतले मचूळ, कृत्रिम, तात्पुरती हे सगळे शब्द आमच्या दोन खाचरांत बसतात.

निदान बसत होते. काही वर्षांपूर्वी आमच्या उघाडीची झडप कुजली. दुरुस्ती कुणी करायची, यावर बराच पत्रव्यवहार झाला. जमीन एकाची, बांध सगळ्यांचा, पैसा तिसऱ्याचा. ते ठरेपर्यंत एका उधाणाला बांधाला खांड पडली. मग जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि खाजणाकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही. खारं पाणी आत येत राहिलं. आज तिथे कांदळ आणि चिपी डोक्याएवढी वाढली आहे.

वाचून कुणी म्हणेल, छानच की, कांदळवन आलं! हो, कांदळवन हवंच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे असं सांगितलं, ते मला पूर्ण पटतं. ठाण्याची खाडी कांदळवनामुळेच तर टिकून आहे. पण आमच्या बाबतीत काय झालं ते बघा. आजोबांनी बांध राखला तेव्हा भाताचं खाचर म्हणून ती जागा पाणथळ नियमांत बसत नव्हती, राखण्यासाठी कुणी एक रुपया दिला नाही. बांध फुटला आणि कांदळ उगवली, तेव्हा कायदा आला. आता कांदळीला हात लावायचा नाही, सातबारा आजोबांच्या नावावर आणि भात बंद. कोकणातल्या खाडीपट्ट्यांत असे शेतकरी बरेच आहेत. राखणाऱ्याला काही नाही आणि हयगयीला संरक्षण, असा हा उलटा हिशोब झाला.

त्यातून पुढचं घडतं. जिथे अजून कांदळ आलेली नाही, त्या वरच्या तुकड्यासाठी गिऱ्हाईक आलंय. भराव टाकून कॉटेजेस करणार. काका म्हणतात, "विकून टाकू, तिथे आता काय पिकणार?" बाबा काही बोलत नाहीत. आजोबा म्हणतात, "भराव टाकला की पावसाचं पाणी कुठे जाईल, ते त्याला विचारा आधी." काकांना मी दोष देत नाही. जमिनीने दहा वर्षं काही दिलं नाही तर माणूस किती दिवस वाट बघणार? पण उद्या तिथे स्विमिंग पूल झाला आणि कॉटेजच्या पाटीवर बगळ्याचं चित्र आलं, तर मला सुट्टीत घरी जावंसं वाटणार नाही एवढं नक्की.

गोव्यातही अशीच खाजणं आहेत, तिकडे उघाडीला मानस म्हणतात. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी वेगळी तरतूद होती: त्यांचे नकाशे करायचे, व्यवस्थापनाचा आराखडा करायचा, आत बांधकाम करायचं नाही. त्याच किनाऱ्यावर, तेरेखोल ओलांडून अलीकडे आलं की तीच माती, तोच बांध, तीच झडप, पण महाराष्ट्राच्या वाट्याला अशी ओळ नव्हती. आमच्याकडेही खाजणांची अशी नोंद व्हावी आणि बांधाची दुरुस्ती हा शेतीचा नाही तर संवर्धनाचा खर्च म्हणून धरावा, असं माझं म्हणणं आहे. २०१७ च्या नियमांतला तो सिंचनाचा आणि भातशेतीचा 'मात्र'ही सरसकट नसावा. प्रत्येक शेततळं नको, पण जिथे पक्षी आणि माणसं दोन्ही अवलंबून आहेत अशी पाणी-ठिकाणं जिल्ह्यागणिक शोधून आत घ्यावीत. रामसर करारातच 'शहाणपणाचा वापर' हे तत्त्व आहे. माणसाला बाहेर काढा असं करार म्हणत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी टेप घेऊन उघाडीवर गेले होते. कांदळीतून वाट काढताना चपला चिखलात राहिल्या, त्या अजून तिथेच आहेत. उघाडीची दगडी चौकट शाबूत आहे, फक्त झडप नाही. मापं घेतली. आजोबा बांधावर बसून सांगत होते, "बाय, झडप जड नको गो. जड झाली की थोड्या पाण्याला उघडत नाही. हलकी झाली तर लाट आपटून मोडते." म्हणजे बिजागरीवरचा मोमेंट बॅलन्स. आमच्या गाईडना विचारलं, त्यांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून मान्यता दिली. वरच्या तुकड्यापुरता नवा छोटा बांध घालून कांदळ आहे तिथे ठेवायची आणि आत भात घ्यायचा असा विचार आहे, परवानगी कुठली लागेल ते अजून शोधतेय. काकांनी मे महिन्यापर्यंत थांबायचं कबूल केलंय. लाकूड सागाचं घ्यावं की एचडीपीईची शीट वापरावी यावर रूमवर रोज भांडण चालू आहे. मेकॅनिकलच्या कुणाला बिजागरीच्या गंजाबद्दल कळत असेल तर लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा.